मत वाया जातं ते असं: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

गेल्या निवडणुकीत आमच्या शेजारच्या काकू भर उन्हात मतदान केंद्रावर गेल्या. हातात मतदार कार्ड, पण यादीत नावच नाही. साखर पेठेतलं घर सोडून जुळे सोलापूरला येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, नाव मात्र जुन्याच पत्त्यावर. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

कार्ड आहे म्हणजे मत आहे, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. मत देता येतं ते यादीतल्या नावावर, कार्ड फक्त ओळख पटवतं. घर बदललं की नमुना ८ भरा, पहिल्यांदा नाव घालायचं असेल तर नमुना ६. नाव आहे का ते १९५० या क्रमांकावर किंवा आपल्या भागातल्या बीएलओंकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे) विचारता येतं, पण हे काम निवडणूक जाहीर होण्याआधीच उरका. उलट, यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलंय, तर घरी बसू नका. आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी एक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी मात्र ओळख म्हणून चालत नाही.

पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरांचा प्रश्न वेगळाच. नाव इथं, मुक्काम तिथं. काहीजण दोन्हीकडे नाव ठेवतात; ते कायद्याला मान्य नाही. कायमचे तिकडे असाल तर नाव तिकडे न्या. नाव इथंच असेल तर मतदानाला या की! ज्या हुतात्मा एक्सप्रेसनं आपण येतो-जातो, ती मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांची आठवण आहे. १२ जानेवारी १९३१ ला हे चौघे फासावर गेले, तेव्हा या गावातल्या साध्या कामगाराला सहसा मताचा हक्क नव्हता. आज त्याला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्यानं मिळते, रोजंदारीवर असला तरी. मालकाकडे मागायला लाजू नका.

महापालिकेला आणखी एक घोळ होतो. प्रभागात चार जागा असतील तर अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात. एक बटण दाबून माणूस बाहेर पडायला निघतो. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर तिथं नोटा दाबा, पण सगळी मतं पूर्ण करा. नळाला किती दिवसांआड पाणी येणार, गटार कधी उपसणार, हे ठरवणारे लोक याच मतदानातून निवडले जातात.

नोटाबद्दलही गैरसमज आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत ज्याला सर्वात जास्त, तोच निवडून येतो. आणि ‘माझ्या एका मतानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी २०२४ची मुंबई वायव्य लोकसभा आठवावी. तिथला निकाल फक्त ४८ मतांनी लागला. आपल्या गल्लीत तेवढी माणसं एका बोळात निघतात.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर भांडून निघून जाऊ नका. केंद्राध्यक्षांना सांगा, ओळख पटली की प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळी मत देण्यासाठीची वेगळी मतपत्रिका, मागा. आणि वेळ संपत आली म्हणून माघारी वळू नका: वेळ संपण्याआधी रांगेत उभे असाल तर रांगेतल्या क्रमांकाची चिठ्ठी मिळते, आणि उशीर झाला तरी मत देता येतं.