कल्चर पाठवताना या चुका टाळा

मी नागपुरातल्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. कल्चर म्हणजे सॅम्पलमधले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणं. आयसीयूतून येणारे क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू अनेकदा मेरोपेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत. हाताशी औषधं उरलीत मोजकी, आणि तीही चुकीच्या सॅम्पलपायी खर्ची पडतात.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे युरोबॅगमधली (कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, जोडलेल्या पिशवीतली) लघवी कल्चरला पाठवणं. पिशवीत लघवी तासन्‌तास साचते आणि जंतू तिथेच वाढतात. मे महिन्यात एका दवाखान्यातून असंच सॅम्पल आलं. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी, ताप नाही, फक्त लघवी गढूळ. डबी तीन तास रिसेप्शनच्या काउंटरवर पडून होती. ई. कोलायसारखा जंतू अनुकूल तापमानात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तीन तासांत एकाचे पाचशेबारा. नागपूरच्या उन्हाळ्यात वेगळं इन्क्युबेटर लागत नाही! रिपोर्टमध्ये क्लेबसिएला, मेरोपेनेम रेझिस्टंट, म्हणजे त्याला दाद न देणारा. रिपोर्ट बघून लगेच कोलिस्टिन हे किडनीला इजा करू शकणारं राखीव अँटिबायोटिक सुरू झालं. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) ०.९ वरून २.६. मी फोन केला, "ताप होता का?" "नाही मॅडम, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह होता ना." औषध थांबवलं, किडनी सावरायला दोन आठवडे गेले. त्या रिपोर्टवर सही माझी होती. ते सॅम्पल मी परत पाठवायला हवं होतं. आता पाठवतेच, कोणी कितीही रागावो.

कॅथेटरच्या पोर्टवर (सॅम्पल घ्यायच्या जागेवर) स्पिरिट लावा, सुकू द्या, मग सिरिंजने लघवी ओढा. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर बदला आणि नव्यातून घ्या. दोन तासांत लॅबला पोचणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा. ब्लड कल्चरची बाटली मात्र फ्रीजमध्ये कधीच नको. आणि लक्षणं नसतील तर लघवीचं कल्चर पाठवूच नका. लघवीच्या कॅथेटरचं टोक कापूनही पाठवू नका.

नव्या रेसिडेंटना घाई असते: "आधी अँटिबायोटिक, कल्चर नंतर." एक डोस गेला की जंतू उगवेलच याची खात्री नाही, मग पेशंट आठवडाभर अंदाजाच्या औषधावर. सेप्सिसमध्ये (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) डोस लांबवायचा नाही हे खरं, पण दोन वेगवेगळ्या जागांवरून, दर बाटलीत ८ ते १० मिली रक्त घ्यायला पाच-दहा मिनिटं पुरतात. तेवढी काढाच.

कोलिस्टिनची डिस्क (औषध भिजवलेली कागदी चकती) लावून 'सेन्सिटिव्ह' लिहिलेले रिपोर्ट अजूनही दिसतात. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रवात औषधाचं प्रमाण कमी-जास्त करून बघायची चाचणी) करा. प्रोटियस आणि सेराशिया या जंतूंवर तर कोलिस्टिन मुळातच चालत नाही.

तेच ग्लोव्ह्ज घालून बेड तीनवरून बेड चारवर जाऊ नका. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या रेलिंगवरही कित्येक दिवस तग धरतो. ग्लोव्ह्ज काढा, वीस-तीस सेकंद हँडरब चोळा.

सॅम्पलबद्दल शंका असेल तर घेण्याआधी लॅबला फोन करा. रात्री दोनलाही आम्ही उचलतो.