मुलांच्या पोटाच्या तक्रारी आणि कडक पथ्य: या चुका टाळा

मूल सारखं पोट धरून बसतं, शी कधी पातळ तर कधी चार-चार दिवस नाही, वजनाचा काटा हलत नाही. अशा घरात आधी गहू बंद होतो, मग दूध, मग साखर. कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘आतडी बरी करणारा’ आहार पाठवतं आणि बघता बघता ताटात मऊ भात, उकडलेलं गाजर आणि सूप एवढंच उरतं. माझ्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. त्यामुळे ठाण्यातल्या नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंतच्या ओळखीतल्या आया मला फोन करतात. पथ्य त्यांनी अगदी मनापासून पाळलेलं असतं. पण नेमकं कोणत्या आजाराचं पथ्य चाललंय, असं विचारलं की बहुतेकींकडे उत्तर नसतं. मी डॉक्टर नाही, औषधाबद्दल मी बोलत नाही. पण पथ्य कुठे फसतं हे रोज बघते, म्हणून लिहितेय.

तपासणीआधीच गहू बंद करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सिलिॲकसाठी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी करतात, सोबत रक्तातलं एकूण आयजीए, म्हणजे एक प्रकारची प्रतिपिंडं, तीही बघतात. गरज वाटली तर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासतात. मूल गहू खात असेल तरच या तपासण्या खरं सांगतात. दोन-तीन महिने पोळी बंद ठेवून रक्त दिलं तर सिलिॲक असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग निदानासाठी मुलाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालावा लागतो, आणि एकदा बरं वाटलेल्या लेकराला पुन्हा त्रास होताना बघणं फार जड जातं. म्हणून आधी रक्त, मग पथ्य. सिलिॲक निघाला तर गहू आयुष्यभर बंद, नसेल तर उगाच बंद ठेवायचं कारण नाही.

कारण न कळता पथ्य लागू पडलं की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. सिडनी हास यांनी सिलिॲकच्या मुलांना केळ्यांवर ठेवलं. पाव, बटाटा, सगळी धान्यं बंद केली. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्याला मिळालं. दोष गव्हाचा होता, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या प्रबंधात दाखवलं. मधल्या काळात कितीतरी मुलांचा भात-बटाटा विनाकारण तुटला. आजही तांदूळ बंद केलेली सिलिॲकची मुलं दिसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, मका, साबुदाणा यांत ग्लुटेन नाही. ते गव्हात, जवात आणि राय (rye) नावाच्या धान्यात असतं, मोहरीच्या राईत नाही.

पोळी बंद केली, पण गहू घरातच राहिला

‘सहा महिने कडक पथ्य करतोय, तरी टीटीजी उतरत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांबद्दल विचारते. आजारी मुलाला आपण मऊभात आणि मेतकूट देतो, आणि पुष्कळ घरांतल्या मेतकुटात भाजलेले गहू असतात. थालीपिठाच्या भाजणीतही असतात, फक्त उपासाची भाजणी त्यातून सुटते. हिंगाची डबी उलटी करून वाचा. आपण वापरतो तो हिंग बहुधा पीठ मिसळलेला असतो आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे आमटीच्या फोडणीतून रोज थोडा गहू पोटात. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, तो शोधून आणा. सोया सॉस, दुधात घालायची माल्टची पावडर, सातूचं पीठ यांचीही लेबलं वाचा. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. इतकं थोडं मोजलं जातं, यावरून कवडीभर पीठही का महत्त्वाचं ते लक्षात येईल.

मग गिरणी. जांभळी नाक्यावरून छान ज्वारी आणायची आणि ती नेहमीच्या गिरणीत टाकायची, तर सगळी मेहनत वाया. कुणाचे तरी पाच किलो गहू नुकतेच दळून झालेले असतात, जात्यात आणि पिशवीच्या तोंडाशी ते पीठ अडकलेलं असतं, आणि तुमच्या डब्यात आधी तेच पडतं. गिरणीवाल्या दादांनी आधी मूठभर ज्वारी दळून बाजूला काढली तरी ते साफ होत नाही. घरघंटी परवडत असेल तर घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक घेतली तरी चालते. सुटी ज्वारी-बाजरी नीट निवडून घ्या, पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात. घरात बाकीच्यांच्या पोळ्या होत असतील तर मुलाची भाकरी आधी करा, तीही वेगळ्या तव्यावर. पोळपाट-लाटणंही वेगळं ठेवा.

दूध: दोन वेगळे त्रास, एकच पथ्य

जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस दूध पचत नाही. आतड्याचं अस्तर सोलवटलेलं असतं, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं एन्झाइम कमी पडतं. हे बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. तोवर दही-ताक बऱ्याच मुलांना चालतं. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी मात्र वेगळी. तिच्यात दही, पनीर, खवा सगळंच बंद. शेळीचं दूधही चालत नाही, कारण दोन्हींतली प्रथिनं जवळपास सारखी असतात. लहान बाळाला गाईच्या दुधाऐवजी बदामाचं पाणी देणं म्हणजे त्याची वाढ अडवणं. दूध खरंच बंद करायचं असेल तर कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून येणार ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. नाचणी आणि तीळ मदत करतात, पण दुधाची सगळी भर त्यांतून निघत नाही. ओठ-डोळे सुजणं, अंगावर गांधी, श्वास लागणं असं काही झालं असेल तर तो पदार्थ घरी पुन्हा देऊन बघायचा नाही.

बद्धकोष्ठ असताना जुलाबाचं पथ्य

चड्डीला सारखी पातळ शी लागते म्हणून भात आणि केळ्यावर ठेवलेली मुलं मी पाहिलीत. पुष्कळदा आत खडा साचलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपते. मूल ती मुद्दाम करत नाही, त्याला कळतही नाही. रागावून उपयोग नाही. घोडबंदरची मुलं ट्रॅफिकमुळे पहाटेच बसमध्ये चढतात, शाळेतल्या संडासात जायला लाजतात आणि दिवसभर धरून ठेवतात. संध्याकाळच्या खाण्यानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, म्हणजे गुडघे वर येतात. डॉक्टरांनी दिलेलं मल मऊ करणारं औषध चार दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका, ते काही महिने चालतं.

काढत जायचं, परत आणायचं नाही

कांदा, लसूण, गहू, राजमा, आंबा, सफरचंद, दूध एकदम काढणारा लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात नीट न पचता आंबणाऱ्या साखरा कमी केलेला आहार, सध्या खूप चालतो. त्याचा कडक टप्पा फक्त दोन ते सहा आठवड्यांचा असतो. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचं असतं, तेव्हाच खरा दोषी सापडतो. लोक पहिल्याच टप्प्यावर वर्ष काढतात. मुलांसाठी तर हा आहार तज्ज्ञाशिवाय करूच नये.

त्रास वाढला की ‘आतली घाण बाहेर पडतेय, अजून कडक करा’ असंही सांगितलं जातं. कृपा करून हे ऐकू नका. शीमधून रक्त, हिरवी उलटी, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सारखा ताप, घटणारं वजन, लघवी कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर पथ्य बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मुलांच्या पोटविकाराचे वेगळे तज्ज्ञ असतात. ठाण्याहून लोकलने परळला जाऊन वाडियासारख्या मुलांच्या रुग्णालयात दाखवता येतं.

वजन-उंची दर तीन महिन्यांनी तक्त्यावर मांडा, पाच वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओचा आणि पुढे आयएपीचा, म्हणजे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा. पोट शांत आहे पण रेषा खाली घसरतेय, तर ते पथ्य चुकतंय. लोह, बी१२ आणि डी जीवनसत्त्व कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

आजी-आजोबांना लपवून काही सांगू नका. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो आणि ‘चिमूटभर प्रसादाने काय होतंय’ हे प्रेमापोटीच म्हटलं जातं. रिपोर्ट दाखवून आजींना समजावलं की त्या स्वतःच मुलासाठी वरीचा शिरा वेगळा करतात. सोसायटीतल्या वाढदिवसाला जाताना डब्यात इडली किंवा तांदळाचे घावन द्या, आणि शाळेत वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, म्हणजे डबा वाटून खाण्याच्या दिवशी मुलावर एकट्याने नाही म्हणायची वेळ येत नाही.