चावणारं पोर आणि शंभर पानी वही

नव्याने जॉइन झालेले बरेच शिक्षक विचारतात की वर्गात एखादं पोर मारतं, चावतं, मध्येच उठून पळतं, त्याचं काय करायचं? म्हणून पहिल्या दोन वर्षांत मला जे कळलं ते एकदा लिहूनच टाकते.

मी मूळची घाटावरची. शिक्षणसेवक म्हणून पहिली ऑर्डर आली ती देवगड तालुक्यातल्या, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेची. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट २३. पहिली-दुसरी माझ्याकडे. डीएडला बालमानसशास्त्रात मार्क चांगले होते त्यामुळे वाटलं होतं जमेल. जून-जुलै छान गेले पण.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात दुसरीतल्या बाबूने (नाव बदललंय) शेजारच्या मुलीच्या डोक्यात पाटी घातली. फळ्यावरच्या पाच ओळी उतरवून घ्या म्हटलं होतं, बाकी काही घडलेलं नव्हतं. मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं आणि ओढतच बाहेर न्यायला लागले, तर त्याने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला, दात उमटले, मी ओरडले, तो किंचाळला, पहिलीतली दोन पोरं रडायला लागली. तेव्हा मी केलेली चूक आता सरळ दिसते. चिडलेल्या पोराला वरून उभं राहून धरलं की ते सुटायलाच बघणार.

संध्याकाळी त्याची आई आली, म्हणाली, "बाईनू, तुमी तेका मारा, माजा काय म्हणना नाय." हे तुम्हालाही ऐकायला मिळेल आणि प्रेमानेच म्हणतात ते. पण आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ स्पष्ट आहे, शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक त्रासही नाही, पालकांनी परवानगी दिली तरी नाही. आणि कायदा नसता तरी मी हेच म्हणेन, कारण मारलं की पोर त्या दिवसापुरतं गप्प बसतं आणि ते असं का करतं हे आपल्याला कधीच कळत नाही.

आमचे मुख्याध्यापक गुरुजी वीस वर्षं किनाऱ्यावर काढलेले. ते रागावले नाहीत, एक शंभर पानी वही दिली आणि म्हणाले, आठ-दहा दिवस फक्त लिहा. वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. "मस्ती केली" असं लिहायचं नाही, "११:४० ला पाटी फेकली" असं लिहायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्या वागण्यातून पोराला काय मिळतं ते तिथे दिसतं.

नऊ दिवसांत १४ नोंदी झाल्या. त्यातल्या ११ साडेअकरा ते मधल्या सुट्टीच्या मधल्या. खिचडी खाल्ल्यावर जवळपास काहीच नाही. आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच, बाईंनी बाहेर नेलं, लिहिणं राहिलं. म्हणजे मी शिक्षा समजून जे करत होते त्याने त्याची लिहिण्यातून सुटका होत होती!

मग ऑगस्टच का, हे आईशी बोलल्यावर समजलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने बापूस घरी. १ ऑगस्टला बोट गेली की तो चार-चार दिवस समुद्रात, आई पहाटेच बंदरावर, पोर आजीकडे, पोटात कोरा चहा आणि एक बटर. त्या पोटी साडेदहापासून दीडपर्यंत कोण बसेल? मी घाटावरची, मला हे कॅलेंडरच माहीत नव्हतं. तुम्ही बाहेरून इकडे येणार असाल तर गावाचं वर्ष आधी समजून घ्या, बोटी कधी सुटतात, आंब्याची गडबड कधी असते, शिमग्याला आणि गणपतीला घरात किती पाहुणे असतात. पोरांची झोप आणि जेवण त्यावरच चालतं.

आईने दोन घावणे डब्यात द्यायला सुरुवात केली, ते तो आल्या आल्या ओट्यावर बसून खायचा. पाच ओळींच्या जागी दोन ओळी दिल्या, पण त्या दोन पूर्ण करायच्याच. आणि साडेअकराच्या आत त्याला एक काम, पोषण आहाराची ताटं मोजून आकडा फळ्यावर लिहायचा.

लगेच फरक पडेल असं समजू नका, उलट पहिल्या आठवड्यात वाढलं. आधी जे केल्यावर सुटका व्हायची ते आता चालत नाही म्हटल्यावर पोर जोर लावून बघतं. बरेच नवे शिक्षक इथेच धीर सोडतात आणि उपाय बदलतात. मग पोराला एवढंच कळतं की अजून जोर लावला की जमतं. सुट्टीनंतरही परत डोकं वर काढतं, गणपतीनंतर आमचा सगळा आठवडा पुन्हा कठीण गेला. चावणं पूर्ण थांबलं ते दिवाळीच्या आसपास.

भडका उडालेला असताना काय करायचं ते थोडक्यात सांगते. आधी बाकीच्या पोरांना लांब करा. त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून खाली बसा, आवाज खाली आणा, चार शब्दांत बोला. "मारू नको" पेक्षा "हात खाली ठेव" लवकर समजतं. 'का केलंस' तेव्हा विचारूच नका, शांत झाल्यावर अर्ध्या तासाने विचारा. आमच्या वर्गात कोपऱ्यात एक गोणपाट आणि डबाभर शिंपले आहेत, ज्याला राग येईल त्याने तिथे बसून शिंपले लावायचे. ती शिक्षेची जागा नाही, मीसुद्धा एकदा तिथे जाऊन बसलेय. आणि खेळाचा तास किंवा खाऊ शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नका, ज्याला धावायची गरज सगळ्यात जास्त त्यालाच आपण बसवून ठेवतो.

एकदा किनाऱ्यावर रापण (सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला लागले आणि आरोळ्या ऐकून अर्धा वर्ग खिडकीला. मी खिडक्या लावायला निघाले तर गुरुजी म्हणाले, ओट्यावर न्या सगळ्यांना. मासे बघायचे आणि नावं लिहायची. तारली, बांगडो, पेडवे, लेपो... बाबूने ११ नावं लिहिली, पाच ओळींवरून पाटी फेकणाऱ्या बाबूने! शिकवणाऱ्याने ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी, हट्टी वाटणारं पोर पुष्कळदा त्या कामाला कंटाळलेलं किंवा घाबरलेलं असतं.

आणि सगळं वागण्यातच शोधू नका. पहिलीतली एक मुलगी हाक मारली की ओ द्यायची नाही, मागून कोणी हात लावला की फाडकन मारायची, सगळे म्हणायचे उर्मट आहे. वही ठेवली तेव्हा दिसलं की समोरून बोललं की ती ऐकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते, त्यांना मुद्दाम दाखवली, कान वाहत होता, ऐकूच कमी येत होतं. उपचार झाले, पहिल्या बाकावर बसवली, मारणं गेलं. म्हणून कान, डोळे, झोप, पोट आधी तपासून घ्या. ऑटिझम (स्वमग्नता) किंवा एडीएचडी (अतिचंचलता) असे शब्द स्वतः लावू नका. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना वही दाखवा, गरज वाटली तर ते जिल्हा रुग्णालयात पाठवतात. आपण लिहिलेल्या नोंदी तिथे फार उपयोगी पडतात.

घरी फक्त तक्रारीचाच फोन जाऊ देऊ नका. बाबूने पहिल्यांदा ताटं बरोबर मोजली त्या दिवशी मी त्याच्या आईला व्हॉइस मेसेज टाकला, तो तिने बोटीवर बापसाला पाठवला, पुढच्या फेरीला तो किनाऱ्यावरून थेट शाळेत आला, हात धुवायचेही राहिले होते.

यावर्षी बाबू तिसरीत, गुरुजींच्या वर्गात आहे. २९ जुलैला मी त्याच्या आईला फोन केला, बोट कधी सुटणार विचारलं, आणि वहीचं नवं पान काढून त्यावर १ ऑगस्ट तारीख घालून गुरुजींकडे दिलं.