मातीचा बंधारा सांभाळताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, पोती रचणे. पावसाळा सरत आला की ‘अजून फूटभर पाणी साठेल’ म्हणून कुणीतरी वाळूची पोती लावतंच. आता हिशेब बघा. सांडव्यावरून 60 सेंमी खोलीने पाणी जाईल असं धरलेलं असेल आणि त्यातले 30 सेंमी पोत्यांनी खाल्ले, तर सांडव्याची क्षमता निम्म्यावर नाही, जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते. मोठा पूर आला की उरलेलं पाणी भिंतीच्या माथ्यावरून उतरतं. तिथे मातीचं काही चालत नाही: खालच्या उतारावर घळ पडते, ती मागे खात खात माथा गाठते आणि काही तासांत भगदाड. मासे अडवायला लावलेली जाळीसुद्धा पालापाचोळ्याने तुंबून हेच करते.

सांडवा मोकळा असूनही पाणी माथ्यावरून जाऊ शकतं, कारण भिंत मधोमध खचलेली असते आणि नुसत्या नजरेला ते कळत नाही. दर उन्हाळ्यात गवंड्याच्या लेव्हल नळीने माथा तपासा. भर घालायची तर ढिगाने नको. जुना पृष्ठभाग खरवडून, ओलावून, 15 सेंमीचे थर दाबत चला. मातीचा मुठीत गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये.

पायथ्याशी ओल दिसली की लगेच घाबरू नका. मातीची भिंत थोडी झिरपतेच. ते पाणी काचेच्या ग्लासात अर्धा तास ठेवा. नितळ असेल आणि प्रमाण वाढत नसेल, तर तारीख घालून नोंद ठेवा. तळाशी गाळ बसला, तर भिंत आतून पोखरली जातेय. अशा वेळी बाहेरून काळी माती थापून तोंड बंद करणं घातक. दाब आत कोंडतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. त्याऐवजी झिरपणाऱ्या जागेवर आधी जाड वाळू, मग खडी, वर दगड. पाणी निघावं, माती अडावी. क्रम उलटा झाला तर फटींतून माती निसटते. गढूळ धार वाढत असेल तर खालच्या वस्तीला हलवा, साठा उतरवा, अभियंत्याला बोलवा.

एरवी मात्र पंप लावून तलाव झपाट्याने रिकामा करू नका. ओली आतली बाजू पाण्याचा आधार सुटताच घसरते. दिवसाला साधारण 30 सेंमी ही ढोबळ मर्यादा.

भिंतीवर झाडं ‘माती धरतील’ म्हणून वाढवू नका. मुळं कुजली की पाण्याला आयती बिळं मिळतात. हरळी पुरे. घुशीचं बीळ तोंडाशी दगड कोंबून बुजत नाही. शेवटापर्यंत खणून थरांनी भरावं लागतं.

भिंतीतून जाणाऱ्या पाइपची गळती तर बहुधा पाइपच्या आतून नसते, बाहेरच्या कडेने असते. कारण माती दाबताना पाइपच्या कुशीत रोलर पोचत नाही. तिथे हाताने धुमसच (माती ठोकायचं जड अवजार) मारावा लागतो.