सहावी ते आठवीचा वर्ग हाती घेण्याआधीची तयारी

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. यंदा सहावी, सातवी किंवा आठवीचा वर्ग तुमच्याकडे वर्गशिक्षक म्हणून आला असेल, तर त्याआधीचा एक आठवडा या तयारीसाठी राखून ठेवा. वार्षिक नियोजन आणि टाचण (रोजच्या पाठाची लेखी आखणी) तर होईलच, पण ते ज्या वर्गात राबवायचं तो वर्ग आधी मांडावा लागतो. या वयाच्या वर्गात आपण ज्याला बेशिस्त म्हणतो त्यातली बरीचशी बेशिस्त नसतेच, असं माझं ठाम मत आहे. घंटा झाल्यावर, वही मिळाल्यावर, सर बाहेर गेल्यावर नेमकं काय करायचं हे मुलांना कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून या यादीत नियम थोडे आहेत, बक्षिसं त्याहून थोडी आणि सगळा भर रोजच्या सवयींवर आहे.

पहिलं काम शिक्षक खोलीतलं. खालच्या वर्गांत बहुतेक ठिकाणी एकच गुरुजी किंवा बाई दिवसभर असतात; वरच्या वर्गांत तासागणिक शिक्षक बदलतात. एका सरांना उत्तर उभं राहून हवं असतं, दुसऱ्या बाईंना बसून चालतं. एक जण पाण्याला सोडतात, दुसरे सोडत नाहीत. अकरा वर्षांचं मूल दिवसभर प्रत्येकाची तऱ्हा ओळखत बसतं. तेव्हा त्या वर्गावर तास असणाऱ्या सगळ्यांनी शाळा सुरू होण्याआधी अर्धा तास एकत्र बसा आणि चार गोष्टी ठरवा: वर्ग शांत करण्याची खूण, बाहेर जाण्याची पद्धत, गृहपाठाच्या वह्या ठेवण्याची जागा आणि उशिरा आलेल्या मुलाने आत कसं यायचं. खूण कोणतीही चालेल, वर केलेला हात किंवा तीन टाळ्या. सगळ्यांची एकच हवी, आणि ती केल्यावर सगळे गप्प होईपर्यंत शिक्षकाने स्वतः एक शब्दही बोलायचा नाही.

मग खोली बघा. पावसाळ्यात छप्पर कुठे गळतं, कोणता बाक हलतो, मागून फळा दिसतो का. ओल्या छत्र्या, रेनकोट आणि बुटांसाठी दाराबाहेर जागा ठरवा, नाहीतर जून-जुलैत पहिला तास फरशी पुसण्यातच जाईल. बैठकीचा आराखडा कागदावर काढा. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे लिहिताना शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. चष्मेवाले आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते पुढे. दर पंधरवड्याला जागा बदलतील हे पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे मागचा बाक कुणाच्या कायमच्या मालकीचा होत नाही.

नियम चार पुरतात. ते मुलांबरोबर चर्चा करून ठरवायचे हे खरंच, पण आपला कच्चा मसुदा तयार हवा. "चांगलं वागा", "शिस्त पाळा" असले नियम लिहू नका. ते पाळले की मोडले हे दिसत नाही. दिसेल असं लिहा. एकाचं बोलणं पुरं झाल्यावर दुसऱ्याने बोलायचं. दुसऱ्याच्या अंगाला, दप्तराला, डब्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. घंटा झाली की आपल्या जागेवर, त्या तासाची वही-पुस्तक बाकावर. चौथा नियम माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा: कुणाच्या जातीवरून, रंगावरून, शरीरावरून, घरच्या बोलीवरून चिडवायचं नाही आणि मुलामुलींची नावं जोडायची नाहीत. सातवीत हे नाव जोडणं फार चालतं. एखादी मुलगी त्यापायी दोन-दोन दिवस शाळेत येत नाही आणि घरी कारण सांगत नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी, पावरी बोलणारं मूल वर्गात एकदा हसण्याचा विषय झालं की ते उत्तर द्यायलाच हात वर करत नाही. हा नियम शिक्षकांनाही लागू आहे, हे मुलांसमोर म्हणा.

आता सवयी. एका तासाला वह्या वाटण्यात, शांत करण्यात, पान काढण्यात पाच मिनिटं गेली आणि दिवसाला आठ तासिका असल्या तर रोज ४० मिनिटं जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन तास सांगितले आहेत. रोजची ४० मिनिटं २२० दिवसांत जवळपास १४७ तास होतात. अभ्यासक्रम पुरा होत नाही म्हणून जादा तास घेण्याआधी हा हिशेब मांडून बघा.

परिपाठ संपवून मुलं वर्गात येतात ती वेळ आधी सांभाळा. ती येण्याआधी फळ्यावर पाच मिनिटांचं काम लिहिलेलं हवं: कालच्या धड्यातले दोन प्रश्न, एक शाब्दिक उदाहरण, नकाशात शोधायच्या तीन नद्या. ते रोज फळ्याच्या एकाच कोपऱ्यात लिहा. मुलं कामाला लागतात तेवढ्यात हजेरी होते. नावं पुकारत हजेरी घ्यायला वेळ लागतो हे खरं, पण पहिले पंधरा दिवस क्रमांकाने नको, नावानेच घ्या. तुम्हाला नावं पाठ होतील आणि मुलाला दिवसातून एकदा तरी आपलं नाव शिक्षकाच्या तोंडून नीट ऐकू येईल. पुढे प्रत्येक रांगेच्या प्रमुखाने गैरहजर कोण ते सांगावं आणि तुम्ही नजर फिरवून हजेरीपटावर नोंद करावी.

दोन तासांमधली ती दोन-तीन मिनिटं सर्वांत नाजूक. आपल्याकडची जुनी पद्धत अशी, की मॉनिटरने फळ्यासमोर उभं राहून बोलणाऱ्यांची नावं लिहायची आणि पुन्हा बोललं की नावापुढे फुली मारायची. ही पद्धत कृपा करून बंद करा. मॉनिटरचे मित्र त्यातून सुटतात, ज्याच्याशी त्याचं भांडण आहे तो अडकतो, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण शिक्षेचा अधिकार देतो. त्याऐवजी ठरलेलं काम द्या: आधीच्या तासाची वही आत, पुढच्या तासाची बाहेर, फळा पुसणारा फळा पुसेल, बाकीच्यांनी शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलायला हरकत नाही. तीन मिनिटं हळू बोललं म्हणून कुणाचं नुकसान होत नाही.

वह्या गोळा करण्याची रीत ठरवा. तपासायचं पान उघडं ठेवून मागच्या बाकावरून पुढे, रांगेने. कोणत्या वारी कोणत्या विषयाच्या वह्या हे वर्गात लावा, म्हणजे सोमवारी पाच विषयांच्या वह्यांचे गठ्ठे एकदम येणार नाहीत आणि मुलांचं दप्तरही हलकं राहील.

स्वच्छतागृहाला जाण्यासाठी दाराजवळ दोन पुठ्ठ्याचे पास टांगा, एक मुलांचा, एक मुलींचा. पास जागेवर असेल तर न विचारता उचलायचा आणि जायचं. मुलींना तर कधीच अडवू नका आणि "का" असं विचारू नका. याच तीन वर्षांत बहुतेकींची पाळी सुरू होते. सॅनिटरी पॅड शाळेत कोणत्या कपाटात आहेत, किल्ली कुणाकडे, बाई रजेवर असतील तर कुणाला सांगायचं, हे जूनमध्येच मुलींना सांगून ठेवा. शाळेत एकही शिक्षिका नसेल तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंशी किंवा अंगणवाडी सेविकेशी आधी बोलून घ्या.

पोषण आहाराची पंगत, वाढप, ताटं धुण्याची रांग आणि वर्ग झाडणं यांचा पाळीतक्ता करा आणि त्यात मुलगे-मुली सारखे ठेवा. वाढायला आणि झाडायला मुलीच, खुर्च्या उचलायला मुलगेच, असं आपोआप होऊन बसतं. कागदावर नावं असली की होत नाही. कोण कुणाशेजारी जेवायला बसतं याकडेही लक्ष असू द्या. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. आठवड्यातून एकदा तुमचंही नाव त्या तक्त्यात असावं.

या सगळ्याचा सराव पहिल्या आठवड्यात करून घ्यायचा, गणिताचं उदाहरण करून घेतो तसाच. आधी करून दाखवा, मग दोघांकडून करून घ्या, मग सगळ्यांकडून. वह्या गोळा करायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. सहावीच्या मुलांना कालच्यापेक्षा लवकर करण्यात खूप गंमत वाटते. अभ्यास मागे पडेल ही भीती बाळगू नका.

नियम मोडला तर काय, हेही आधीच ठरलेलं हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. पट्टी, ओणवं करणं, कोंबडा हे तर नाहीच, पण सगळ्यांसमोर आईबापांचा उद्धार करणंही त्यातच येतं. आपल्या पायऱ्या लिहून ठेवा: आधी नजर, मग जवळ जाऊन उभं राहणं, मग हळू आवाजात एक वाक्य, मग मधल्या सुट्टीत दोघांचं बोलणं, त्यानंतर पालक. जे बिघडवलं ते दुरुस्त करणं ही योग्य भरपाई: शाई सांडली तर पुसायची, कुणाची वही फाडली तर तेवढी पानं लिहून द्यायची. मात्र शंभर वेळा वाक्य लिहायला लावू नका. लिहिणं ही शिक्षा आहे असं आपणच शिकवतो. आणि खेळाचा तास कधीही काढून घेऊ नका. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्यालाच त्या तासाची सर्वांत जास्त गरज असते.

बक्षिसांबद्दल थोडं सावकाश विचार करा. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांपेक्षा बरीच कमी चित्रं काढू लागली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं होतं त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. आपली मुलं त्याहून मोठी आहेत, तरी इशारा घेण्यासारखा आहे. वाचनासाठी, प्रश्न विचारण्यासाठी, मित्राला मदत करण्यासाठी आधी दर ठरवून बक्षीस देऊ नका. ती मजुरी होते. पेन, चॉकलेट, कंपासपेटी असल्या वस्तू स्वतःच्या पगारातून आणण्याची तर मुळीच गरज नाही.

द्यायचाच तर मान द्या. एक दिवस घंटा वाजवण्याचा, परिपाठात दिनविशेष सांगण्याचा, ग्रंथपेटीतली पुस्तकं वाटण्याचा, खेळाच्या तासाला लंगडी की खो-खो ते ठरवण्याचा. हे मान पाळीने सगळ्यांपर्यंत पोचतील असं बघा. सगळ्या वर्गाने मिळून काही साधलं, वर्ग आठवडाभर वेळेवर सुरू झाला, तर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटची वीस मिनिटं गोष्टवाचन किंवा अंताक्षरी ठेवा. एकाच्या चुकीसाठी सगळ्यांची ही वीस मिनिटं रद्द करू नका. मग वर्ग त्या एकाला मधल्या सुट्टीत शिक्षा करतो.

शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस बहुतेक शाळांत असतं. ते माझ्या मनाला कधीच पटलेलं नाही. बीड किंवा अहिल्यानगरकडचं ऊसतोड कामगाराचं मूल दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर निघून जातं आणि हंगाम संपल्यावर परत येतं. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहिलेली सातवीची मुलगी आळशी नसते. या मुलांसाठी बक्षिसापेक्षा तयारी करा: परत आल्यावर पहिल्या दिवशी बसायला जागा, सोबतीला एक मित्र किंवा मैत्रीण आणि राहिलेल्या भागाच्या वह्या. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर पालकांशी ऑक्टोबरच्या आधीच बोला.

शाबासकी कशी द्यायची तेही ठरवून घ्या. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात "तू हुशार आहेस" असं ऐकलेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर खचली. "तू मेहनत घेतलीस" असं ऐकलेली टिकून राहिली. म्हणून काय केलं ते सांगा: "दुसरी पायरी चुकली होती, ती तुझी तूच शोधलीस." आठवीतल्या मुलाला सगळ्यांसमोर कौतुक नकोसं वाटू शकतं, नंतर मित्र चिडवतात. त्याच्या वहीत दोन ओळींचा शेरा लिहा किंवा जाता जाता हळूच सांगा.

प्रत्येक मुलासाठी एका वहीत एक पान ठेवा आणि आठवड्याला चार-पाच मुलांबद्दल दोन ओळी लिहा. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी करताना मग छापील वाक्यं उतरवावी लागत नाहीत. पहिल्या महिन्यात प्रत्येक पालकाला एक फोन, आणि तोही चांगलं काही सांगायला. शाळेतून फोन आला म्हणजे तक्रारच, अशी घरोघरी समजूत असते. ती मोडली की ऑगस्टमध्ये खरी अडचण सांगताना पालक ऐकून घेतात. गुण, चुका, कोण मागे पडलं हे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तक्रारपेटी कुठे आहे आणि १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक कशासाठी आहे, हे मुलांना पहिल्या आठवड्यात सांगा.

शेवटची तयारी आत्ताच दिनदर्शिकेत लिहून ठेवायची. गणपतीनंतर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सवयी सैल झालेल्या असतात. त्या दोन्ही वेळी पहिल्या दिवशीचा पहिला तास पुन्हा सरावासाठी ठेवा, चारही नियम मुलांकडूनच वाचून घ्या आणि एखादा निरुपयोगी वाटत असेल तर त्यांच्याशी बोलून बदला.