कार्पेंटरबाईंचे माहेर कसे शोधावे

रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेल्या यजमानाला तीर्थोपाध्याय आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात आणि तेवढ्यावरून कापडात बांधलेली नेमकी वही काढून पणजोबांची सही समोर ठेवतात. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी स्त्रीचे कूळ शोधतानाही प्रश्न हेच दोन असतात; फरक इतकाच, की पहिल्याच प्रश्नाशी आपण अडतो. लग्नानंतर तिचे माहेरचे आडनाव बहुतेक कागदांवरून नाहीसे होते आणि पुष्कळदा स्वतःचे नावही नवऱ्याच्या आद्याक्षरांखाली झाकले जाते.

मराठी वाचकाला परिचित असलेले उदाहरण घेऊ. गोपाळराव जोशी यांचे एका मिशनरी मासिकात छापलेले पत्र वाचून १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोसेलहून ज्या बाईंनी पत्रव्यवहार सुरू केला आणि ज्यांना आनंदीबाई पुढे मावशी म्हणू लागल्या, त्या कार्पेंटरबाई. कार्पेंटर हे सासरचे आडनाव. थिओडिशिया हे त्यांचे नावही कुठे थिओडोशिया असे लिहिलेले आढळते, तर औपचारिक उल्लेखात त्या नुसत्या ‘मिसेस बी. एफ. कार्पेंटर’ होतात. म्हणून आरंभीच एका कागदावर नावाची रोमन लिपीतील सगळी रूपे लिहून काढावीत. शिरगणती करणारा कारकून कानावर पडेल तसे लिहीत असे, हे शोधताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

त्यानंतर गाव निश्चित करावे. गावाइतकीच काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) महत्त्वाची, कारण जमिनीची खरेदीखते आणि मृत्युपत्रे बहुतेक राज्यांत काउंटीच्या दप्तरी असतात आणि काउंटीच्या सीमा बदलत असतात. रोसेल हे युनियन काउंटीत येते. पण ती काउंटीच १८५७ मध्ये एसेक्स काउंटीतून वेगळी झाली, म्हणजे त्याआधीचे कागद एसेक्समध्ये पाहावे लागतात. शिवाय रोसेलला स्वतंत्र बरोचा, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणाऱ्या गावाचा, दर्जा १८९४ मध्ये मिळाला, त्यामुळे १८८० च्या गणनेत ते लिंडन टाउनशिपच्या (काउंटीच्या पोटविभागाच्या) पानांत शोधावे. नाशिक जिल्हाच १८६९ मध्ये निर्माण झाला, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या गोंधळाचे नवल वाटू नये.

शिरगणती नेहमी उलट्या क्रमाने, अलीकडून मागे वाचावी. १९०० च्या गणनेत जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला किती वर्षे झाली आणि किती मुले झाली व किती हयात आहेत, हे मिळते. १८९० ची गणना १९२१ मधील आगीमुळे जवळजवळ सगळी नष्ट झाली, तेव्हा तिच्या मागे वेळ दवडू नये. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांची जन्मस्थाने नोंदलेली आहेत, आणि स्त्रीच्या माहेराकडे नेणारी ही सर्वांत सोपी पायरी आहे. त्यातच कुटुंबासोबत राहणारी सासू किंवा मेहुणी सापडली, तर तिचे आडनाव हेच आपल्याला हवे असलेले आडनाव असण्याचा संभव मोठा. १८५० पूर्वीच्या गणनांत मात्र केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असून बाकीची माणसे वयोगटानुसार मोजलेली असतात. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव तर बहुधा १८७० च्या गणनेतच प्रथम भेटते.

जन्म-विवाहाच्या नोंदी राज्याराज्यांत वेगळ्या काळी सुरू झाल्या: न्यू जर्सीत १८४८ पासून, तर न्यू यॉर्क राज्यात नियमितपणे १८८० नंतरच. न्यू यॉर्कची उणीव त्या राज्याच्या स्वतःच्या शिरगणत्या काही अंशी भरून काढतात, कारण १८५५, १८६५ आणि १८७५ च्या गणनांत राज्यात जन्मलेल्यांच्या जन्माची काउंटीही लिहिलेली असते.

माझ्या अनुभवात स्त्रीचे नाव सर्वांत स्पष्टपणे उमटते ते पैशाच्या आणि मालमत्तेच्या कागदांवर, म्हणजे जिथे तिच्या नावावाचून व्यवहार अडत होता तिथे. वडिलांच्या मृत्युपत्रात मुलगी सासरच्या आडनावासह येते. नवऱ्याने जमीन विकली, की तिने आपला हक्क सोडल्याची नोंद खतात असते. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतनासाठी लग्न सिद्ध करावे लागे. कित्येकींनी घरच्या बायबलमधील नोंदींची पाने फाडून अर्जाला जोडली आणि ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अशी फाईल सापडली, तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी तीच वाचावी.

दफनभूमीही वही म्हणून वाचता येते. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या आणि त्यांच्या अस्थी न्यू यॉर्क राज्यातील पकीप्सी येथे कार्पेंटरबाईंच्या कौटुंबिक जागेत ठेवण्यात आल्या. रोसेल आणि पकीप्सी ही दोन वेगळ्या राज्यांतली गावे. मग कुटुंबाची दफनभूमी तिकडे का, हा प्रश्न शोधकाने अवश्य विचारावा. ती जागा मुळात कोणी घेतली आणि शेजारच्या दगडांवर कोणती आडनावे आहेत, हे पाहिले म्हणजे पकीप्सी ज्या काउंटीत येते त्या डचेस काउंटीचे दप्तर उघडण्याची दिशा मिळते.

यांपैकी बरेच काम नाशिकच्या घरात बसून होते. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर शिरगणत्यांची मूळ पाने पाहता येतात आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात जुनी वृत्तपत्रे. मृत्युलेखात भावांची नावे असली, की माहेर सापडलेच. इतरांनी तयार करून ठेवलेल्या वंशवृक्षांवर मात्र पुरावा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. एकाच नावाच्या दोन बायका एकाच काउंटीत असणे अजिबात दुर्मीळ नाही, आणि मी स्वतः एकदा महिनाभर भलत्याच बाईच्या आजोबांमागे फिरलो आहे.

जे कागद संगणकावर नाहीत त्यांसाठी काउंटी क्लार्कच्या कार्यालयाला ईमेल करावा. त्यात नावाची सर्व रूपे, अंदाजे वर्ष आणि हवा असलेला एकच दस्तऐवज लिहावा, आणि शुल्क भारतातून कसे भरता येईल ते आधी विचारून घ्यावे, कारण आपल्या बँकेचा धनादेश तिथे सहसा चालत नाही.