जाहिरातींच्या वहीतला तिसरा रकाना

२००९ साली दादरच्या एका क्लासात मी फ्लॅश, म्हणजे वेबपानांवर हलती चित्रं चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याची प्रोग्रामिंगची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट शिकलो. अंधेरीकडे तेव्हा ई-लर्निंगची कामं धो-धो यायची. कोर्स संपायच्या आत नोकरी लागली. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोनवर फ्लॅश का नको, ते जाहीर पत्र लिहून सांगितलं. आम्ही ऑफिसात हसलो. आपल्याकडे आयफोन आहेतच किती जणांकडे? पुढच्या वर्षी नोव्हेंबरात खुद्द फ्लॅशची मालक कंपनी अडोबीनेच मोबाइल ब्राउझरसाठी फ्लॅश पुढे न्यायचं थांबवलं, तेव्हा हसू मावळलं. फ्लॅश अधिकृतपणे बंद झालं ३१ डिसेंबर २०२० ला, पण मला त्याच्या कितीतरी आधी, २०१३ लाच, बेंचवर, म्हणजे हाताला काम न देता नुसतं, बसवलं होतं. भाषा बंद झाल्याची बातमी फार मागून येते, नोकरीच्या जाहिराती आधीच आटलेल्या असतात.

त्या बेंचवर मी एक दोनशेपानी वही घातली. दर रविवारी रात्री नोकऱ्यांच्या साइटवरच्या मुंबई-ठाण्याच्या जाहिराती उतरवायच्या. तीन रकाने: भाषा, किती वर्षांचा अनुभव, आणि धंदा कसला.

मोजताना सुरुवातीला फसलो. एकच जागा चार कन्सल्टंट टाकतात. मजकूर जुळला की ती एकच धरायची. शिवाय जाहिरातीत दहा नावं ओळीने असतात, त्यातली पहिली दोन खरी. बाकीची एचआरने भाजीवर कोथिंबीर टाकावी तशी टाकलेली.

डोळे उघडले ते तिसऱ्या रकान्याने. जावापुढे सारखं बँक, विमा, शेअर बाजार. रिझर्व्ह बँक, दोन्ही शेअर बाजार इथेच, त्यामुळे या शहरात पैशाचे हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअर भरपूर, आणि चालती सिस्टीम कोणी उगाच नव्याने लिहीत नाही. कोबोल तर १९५९ सालची कल्पना; मी तिला म्हातारी समजत होतो, पण तिच्याही जाहिराती तुरळक का होईना, येत राहिल्या. फक्त अनुभवाच्या रकान्यात कायम पाच वर्षांच्या वरचा आकडा. मागणी आहे, पण फ्रेशरला दार नाही. हे नुसती जाहिरातींची संख्या पाहून कळत नाही.

भाषेच्या पाठीशी कोण आहे, हेही बघावं. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कॉटलिनला मान्यता दिली आणि दोन वर्षांत तिलाच पहिली पसंती दिली. आमच्याकडच्या अँड्रॉइडवाल्या जावाकारांनी ती काही आठवड्यांत उचलली. माझं नशीब उलटं, माझ्या भाषेचा मालकच उठून गेला होता.

मग मी जावा आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, घेतलं. डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला मुलाखतीला गेलो. मॅडमनी कोरा कागद पुढे केला: एक टेबल, म्हणजे तक्ता, ग्राहकांचं, एक व्यवहारांचं, गेल्या तीन महिन्यांत एकही व्यवहार न केलेले ग्राहक काढा. मी झोकात इनर जॉइन लिहिला, म्हणजे दोन्ही टेबलांत जुळणाऱ्याच ओळी देणारी जोडणी. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. “ज्याने व्यवहारच केला नाही, तो यात येईल कुठून?” कान तापले. लेफ्ट जॉइन लावला, त्यात पहिल्या टेबलातले सगळे ग्राहक राहतात, तारखेची अट जॉइनच्याच ओळीत ठेवली आणि ज्यांच्यापुढे व्यवहार नल, म्हणजे रिकामा, आला तेवढे ग्राहक उचलले. नोकरी मिळाली. एसक्यूएल सत्तरच्या दशकातली आहे. माझ्या वहीत ती न आलेला रविवार मला आठवत नाही.

परवा शेजारचा मुलगा विचारायला आला, “दादा, पायथन घेऊ की जावा?” म्हटलं, चार रविवारच्या जाहिराती उतरवून आण, मग बोलू. आजकालची पोरं हुशार. एक्सेल घेऊन आला, रंगबिरंगी, वर आलेखसुद्धा. पायथनचा खांब सगळ्यांत उंच. धंद्याचा रकाना मात्र कोरा होता. फाइल तशीच परत पाठवली आहे.